भिंगरीचे नऊ टोल

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझे मामा बढाया मारतात, हे मला मान्य आहे. पण भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची त्यांनी जन्मभर टरच उडवली. त्यांच्याच नशिबी हे यावं...

यात ना अंधारी रात्र आहे, ना वादळ. सगळं भर दुपारी घडलं. गेल्या हिवाळ्यात, मामा शिकवतात त्या बॉक्सिंगच्या जिममध्ये.

जिम म्हणजे एक जुनं गोदाम. वर पत्रे, मधोमध रिंग, कडेला टांगलेल्या पंचिंग बॅगा. आणि समोरच्या भिंतीवर एकच मोठा फोटो.

भिंगरीचा.

त्याचं खरं नाव घरच्यांखेरीज कुणी घेत नसे. रिंगमध्ये त्याचे पाय असे फिरायचे, की समोरच्यालाच गरगरायला लागायचं. वर्षानुवर्षं त्याला कुणी हरवू शकलं नाही. पुढे वय झालं, पण त्याला थांबता आलं नाही. शेवटचे तीन सामने तो हरला. त्यातला अगदी शेवटचा...

माझ्या मामांशी.

मामांच्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढं एकच. "मी भिंगरीला हरवलंय," हे त्यांनी न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवलंय. समोरून दर वेळी एकच उत्तर यायचं.

"हो, पण तेव्हा तो म्हातारा झाला होता ना?"

झालं! मामांच्या अंगाचा तिळपापड. त्या दिवशी मामी त्यांना भाजी आणायलासुद्धा सांगत नसत.

गेल्या हिवाळ्यात भिंगरी गेला. बॉक्सर गेला की त्याला रिंगमधून निरोप द्यायची पद्धत आहे. सगळे उभे राहतात आणि सामन्याच्या घंटेचे दहा टोल देतात. खाली पडलेल्या बॉक्सरला पंच दहापर्यंत मोजतो ना, तसेच हे. दहाच्या आत उठला, तर सामना पुढे चालू. दहा झाले, की संपलं.

घंटा वाजवायचा मान मामांना मिळाला. शेवटचा प्रतिस्पर्धी म्हणून.

आधी भाषणं झाली. एक निवृत्त समालोचक गहिवरून म्हणाले, "त्याचे शेवटचे पराभव विसरा. ते त्याचे नव्हतेच, त्याच्या वयाचे होते. शेवटी शेवटी कुणीही सोम्यागोम्या त्याला हरवून गेला!"

टाळ्या पडल्या. आणि तो सोम्यागोम्या घंटेची दोरी धरून तिथेच उभा होता.

मामा आतून नुसते जळत होते. मेल्यावरही हाच मोठा? पराभव वयाचा, मग माझा ठोसा कुणाचा होता?

टोल सुरू झाले. सात... आठ... नऊ...

मामांचा हात थांबला.

पूर्ण निरोप? याला? नाही देत, जा!

त्यांनी दोरी सोडून दिली. लोक डोळे पुसत होते, मोजत कुणीच नव्हतं. फक्त मामी मोजत होत्या. नवऱ्याचे सामने बघून बघून त्यांना ती सवयच लागली होती.

"नऊच झाले हो," त्या घरी जाताना म्हणाल्या.

"चुकलो असेन," मामा म्हणाले. आणि विषय बदलला.

त्याच आठवड्यात सुरू झालं.

दुपारी जिम बंद असते. मामा मागच्या खोलीत जेवायला बसले होते. बाहेरून आवाज आला...

टप... टप... टप... टप...

कुणीतरी दोरीवरच्या उड्या मारत होतं. एखादा पोरगा लवकर आला असेल, म्हणून मामा ओरडतच बाहेर आले.

कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती. दोऱ्या खुंटीवर जिथल्या तिथे होत्या.

दुसऱ्या दिवशी बॅगेचा आवाज. धप्प-धप्प... आणि थोडं थांबून... धाड!

मामांचा घास हातातच राहिला. दोन झटपट डावे, मग क्षणभर विश्रांती, मग उजवा. असं या गावात एकच माणूस मारायचा.

ते दारात आले. रांगेतली एकच बॅग हेलकावे खात होती. बाकीच्या स्तब्ध. आणि समोर कुणीच नाही...

"तू मेलायस!" मामा किंचाळले.

धप्प-धप्प... धाड!

तेव्हा मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. दहावा टोल झालाच नव्हता. मोजणी नऊवर थांबली, म्हणजे बॉक्सर उठला. त्याचा सामना संपत नाही.

मामा भ्यायले, खूप भ्यायले. पण दोन-चार दिवस ते आवाज ऐकल्यावर त्यांना वेगळंच काही जाणवलं. हे पाय मामांनी हरवलेल्या भिंगरीचे नव्हते. हा ऐन भरातला, पंचविशीतला भिंगरी होता. शेवटचे हरलेले सामने तो मागे टाकून आला होता.

आणि मामांना चक्क आनंद झाला. याला हरवलं, तर म्हातारा होता असं कोण म्हणेल?

भुताला हरवल्याचं ऐकून खरं मानणारं कुणी आहे का, हा विचार त्यांना शिवलाही नाही. त्यांनी हातांना पट्ट्या बांधल्या. दातांनी ग्लोव्हजची नाडी ओढली. साठी उलटलेला माणूस रिंगमध्ये चढला.

समोरच्या कोपऱ्यातले दोर आपोआप दबले...

पावलं जवळ येऊ लागली. हलकी, भराभर. मामांनी गार्ड वर घेतला.

पावलं हातभर अंतरावर आली... आणि बाजूने निघून गेली.

मामांनी ठोसा फेकला. हवेत गेला. दुसरा, तोही हवेत. पावलं त्यांच्याभोवती वळसा घालत होती, वाटेतल्या खुर्चीला घालावा तसा.

"ये ना! मी आहे इथे! मी!"

काही नाही. पावलं आपल्याच तालात.

तो मामांना ओळखतच नव्हता. कसा ओळखणार? त्याच्या पंचविशीत मामा सर्वांत मागच्या रांगेत बसून त्याच्या नावाने शिट्ट्या मारत होते.

मामी डबा न्यायला आल्या, तेव्हा मामा रिंगमध्ये बसून ओक्साबोक्शी रडत होते. पावलं मामींनाही ऐकू आली. त्या घंटेपाशी गेल्या.

"वाजवा एकदाची! तो एक टोल द्या आणि मोकळं करा त्याला!"

मामांनी दोरी हातात घेतली. बराच वेळ धरून ठेवली. मग सोडून दिली.

"वाजवली तर तो जाईल. मला न ओळखता जाईल."

"मग काय करणार आहात?"

"थांबणार. तो म्हातारा होईपर्यंत थांबणार. तेव्हा येईलच की माझ्यापाशी."

तेव्हापासून मामा रोज दुपारी ग्लोव्हज चढवून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात. घंटेला कुणाला हात लावू देत नाहीत. मामी मला म्हणाल्या, "तूच समजाव बाबा." मी खूप समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

काल मामांचा जिममधून फोन आला. इतक्या खुशीत मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"अरे, त्याला धाप लागायला लागली! थोडेच दिवस आता."

मामा शांतपणे बोलत होते. पण फोनमध्ये, त्यांच्या अगदी जवळ... कुणीतरी जोरजोरात धापा टाकत होतं.

मला एकच सांगायचं होतं, पण जीभ रेटली नाही. शेवटच्या सामन्यात भिंगरी चाळिशीचाही नव्हता. आणि मामा, आता म्हातारे तुम्ही आहात.