कोपराची खूण

प्रयोगातल्या माझ्या जोडीदारणीला कावीळ झाली आणि मॅडमनी मला प्रयोगशाळेतल्या खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन उभं केलं. तिथे तो होता, ब्युरेटच्या काचेच्या नळीला नाक लावून. उंची अशी की सगळे त्याला ताडमाडच म्हणायचे.

माझे रिपोर्ट म्हणजे आधी निष्कर्ष, मग त्याला शोभतील अशी रीडिंग. त्यानं माझा कागद अगदी डोळ्यांजवळ नेला.

"प्रयोग व्हायचाय आणि निष्कर्ष तयार?"

"उत्तर पुस्तकात आहे की."

"मग इथे कशाला आलीस, घाईबाई?"

"तुझी बोलणी खायला," मी म्हटलं. तो हसला आणि माझं त्या दिवशी कशातच लक्ष लागेना.

रिपोर्ट लिहायला मला त्यानंच शिकवलं. काय शोधायचंय ते एका वाक्यात. काय केलं ते घडलं त्या क्रमानं. दिसलं तेच लिहायचं, मग ते कितीही अडचणीचं असो. चुकलं तर गिरगटायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण. "निष्कर्षात 'बहुतेक' दिसलं तर माझ्याशी गाठ आहे," असा दम वर. मी मुद्दाम 'बहुतेक' लिहायचे. चिडला की त्याचे कान लाल व्हायचे... मला ते बघायचे असायचे.

एकदा फ्लास्कमधलं पाणी गुलाबी झालं, तरी त्याचे थेंब पडतच राहिले. फिका गुलाबी रंग आला की थांबायचं, एवढाच तर प्रयोग.

"अरे, थांब की."

"आला रंग?" त्यानं विचारलं. पाणी तोवर गडद झालं होतं.

मीच हात घालून तोटी बंद केली.

"डोळे जातायत," तो हळूच म्हणाला. "बाबांचेही असेच गेले. आधी फिके रंग, मग पायऱ्या, मग माणसं."

"मॅडमना सांगितलंस?"

"अ‍ॅसिडजवळ उभं करतील मग मला? प्रयोगशाळा सुटली की हा विषयच सुटला. आणि मला दुसरं काही येत नाही गं."

मग आम्ही खूण ठरवली. थेंब त्यानं सोडायचे, रंग मी बघायचा. गुलाबी आलं की माझं कोपर त्याच्या कोपराला. कोपर लागलं की तोटी बंद. आमची रीडिंग अशी जुळायला लागली की मॅडम आमचे रिपोर्ट वर्गभर फिरवायच्या. मी मात्र रंगाची वाट बघत नव्हतेच. मी कोपर लावायची वाट बघायचे.

परीक्षेच्या प्रयोगातही पहिली दोन रीडिंग तंतोतंत आली. तिसऱ्याच्या वेळी थेंब सोडता सोडता तो पुटपुटला, "तू नसतीस तर—" मी फ्लास्क सोडून त्याच्याकडे बघत राहिले. कशी कोण जाणे, त्याला टेकले.

त्यानं तोटी बंद केली. पाण्यात रंगाचा पत्ता नव्हता.

"परत घेऊ," मी घाबरून कुजबुजले. "हे लिहू नकोस."

"आकडा आलाय. लिहायचा."

"वेडा आहेस का? सगळं जाईल तुझं."

"खोटं लिहून डोळे थोडेच राहणारेत?"

त्यानं कागदाला नाक टेकवलं. आकडा लिहिला, त्यावर एक रेघ मारली, आणि शेजारी कारण: निरीक्षकाला रंग दिसत नाही. सहकाऱ्याच्या खुणेवर थेंब थांबवले. या वेळी खूण चुकली.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "फार चांगला रिपोर्ट लिहितोस रे तू," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि त्यानं आपला ॲप्रन काढून दिला.

जिन्याच्या तोंडाशी तो थांबला. पायरी कुठे सुरू होते ते त्याला दिसत नव्हतं.

"कारण अर्धंच लिहिलं मी," तो म्हणाला. "खूण चुकली कशी?"

मी त्याच्याकडे पाहिलं, डोळे भरून. तो माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होता. नजरेनं सांगून आता भागणार नव्हतं.

"खूण नव्हतीच ती. तू मला आवडतोस. म्हणून टेकले."

"बहुतेक?"

"नाही. नक्की."

त्याचे कान लाल झाले. त्यानं चाचपडत कोपर पुढे केलं. मी ते धरलं आणि एकेक पायरी सांगत त्याला खाली आणलं. पायऱ्या संपल्या तरी मी कोपर सोडलं नाही.