खालची तार

तब्येत विचारलीत म्हणून सांगतो. बसा. घाईत असाल तर मात्र विचारू नका, मला सावकाश बोलावं लागतं.

आमचा धंदा दागिने घडवायचा, आणि त्यात सगळा खेळ फुंकणीचा. दिव्याच्या ज्योतीला फुंकणी धरायची, गाल फुगवून ती ज्योत जोडावर रोखायची आणि नाकाने श्वास घेत राहायचं. ज्योत मध्येच तुटली की डाक, म्हणजे जोडात वितळवायचा धातू, बिघडली, जोड गेला. कोरोनात हॉस्पिटलमधून जिवंत परत आलो खरा, पण ज्योत धरण्याइतका दम काही परत आला नाही. आंघोळ केली की बसायचो. एक मोजा घातला की दुसऱ्याआधी बसायचो. बायको म्हणायची, "अहो, होईल हळूहळू." आता हळूहळू म्हणजे किती हळू, हे ना तिला ठाऊक ना डॉक्टरला.

दुकान धाकटा भाऊ बघत होता. एक दिवस चाचरत म्हणाला, "दादा, गॅसची बत्ती आणू का? फुंकायची कटकटच नाही. तू नुसता गल्ल्यावर बस."

गल्ल्यावर! बोलला चांगल्या मनानेच, पण गल्ल्यावर बसला तो कारागीर कसला? म्हटलं, "थोडं थांब. माझ्या फुंकेने एक जोडसुद्धा लागला नाही, तर खुशाल आण."

हॉस्पिटलात होतो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. वॉर्डात ते तीन चेंडूंचं यंत्र देतात ना, त्यात श्वास आत ओढायचा असतो. ओढला की चेंडू वर चढतात. मी आपला जन्माच्या सवयीने फुंकायचो. नर्स ओरडायची, "काका, फुंकू नका हो, ओढा!" शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता, तो हसायचा. त्याचे तिन्ही चेंडू झटक्यात वर. पूर्वी कधीतरी हृदयाच्या ऑपरेशनात त्याची छाती उघडलेली, हाड तारांनी बांधलेलं.

"शेठ," तो एकदा म्हणाला, "माझी खालची तार तुटलीय. खोकलो की टोचते. डाक लावून द्याल?"

"आणा की दुकानात." गिऱ्हाईक म्हटलं की आमच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

"मजुरी काय घ्याल?"

"तुमचा दम द्या. तुमच्याकडे भरपूर आहे."

तो हसला, मग बराच वेळ खोकत राहिला. त्याच आठवड्यात त्याची खाट रिकामी झाली. मला वाईट वाटलं, पण तेव्हा रडायलाही दम नव्हता.

भावाला शब्द दिला होता, म्हणून एका दुपारी दुकानात आलो. तो जेवायला घरी गेला होता. शटर अर्धं ओढलेलं, आत राळेचा आणि जळक्या वातीचा वास. हात बसवायला काहीतरी हवं होतं, तर या पाटावर एक तुटकी तार दिसली. सोनं नाही, चांदी नाही, पोलादी. जरा ओलसर. वाटलं, धाकट्याने आणली असेल कशाला तरी. तुटल्या जागी टाकणखार लावला, डाक ठेवली, दिवा पेटवला.

पहिली फुंक नेहमीसारखीच संपली. डोळ्यांपुढे काजवे. म्हटलं, जाऊ दे, संपलं आपलं...

आणि छाती भरली. मी नाही भरली हो, आपोआप भरली. अगदी कानाशी कोणीतरी खोल श्वास ओढल्याचा आवाज आला... आणि ज्योत जोडावर जी टेकली, ती हललीच नाही. डाक पाण्यासारखी धावली. इतका देखणा जोड माझ्या हातून कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी अक्षरशः रडलो. भाऊ आला तसा त्याला तार दाखवायला वळलो, तर पाटावर काहीच नव्हतं.

पुढे तपासणी होती. डॉक्टरीणबाई एक्स-रे बघून खूश. "वा, फुप्फुसं छान उघडलीत! पण काका, हृदयाचं ऑपरेशन झालंय, हे सांगितलं नाहीत?"

"कोणाचं? माझं?"

त्यांनी बोट ठेवलं. छातीच्या मधोमध पीळ दिलेल्या तारा, एकीखाली एक. सगळ्यात खालच्या तारेवर बारीकसा थेंब. "हे काय असावं...?" त्या पुटपुटल्या. आपल्या हातचा जोड माणूस ओळखतो. त्यांनी मला शर्ट काढायला लावला. कातडीवर ओरखडासुद्धा नाही. म्हणाल्या, दुसऱ्या कोणाचा तरी फोटो आला असेल, पुन्हा काढू. पुन्हा काढला. पुन्हा तेच.

तेव्हापासून दुकान मीच चालवतो. धाकटा गॅसचं नाव काढत नाही, बायको खूश आहे. मी मात्र फार थकलोय. रात्री पडल्या पडल्या ऐकतो, तर श्वास माझ्या तालात चालत नाही.

आणि आज सकाळी जिन्यात पुन्हा धाप लागली. पहिल्यासारखीच. दुकान उघडून पाट पुसला, थोडा पाठमोरा झालो, वळून बघतो तर... हे बघा. तसाच तारेचा दुसरा तुकडा. हात लावू नका, ओला आहे.

काय करू, सांगा. नको म्हणायलासुद्धा दम लागतो.

सरका जरा. दिवा लावतो.