संक्रांतीचा वारा

वल्लरीनं फोन टेबलावर ठेवला खरा, पण त्याच्याकडे बघायची तिची हिंमत होईना.

“‘तोंड उघडलंस तर नवरा परत दिसणार नाही,’ एवढंच तो फोनवरचा माणूस बोलला. सकाळी दहाला. मागे लांबून धप्प, धप्प असं काहीतरी चाललं होतं.”

खासगी तपासनीस इंदिरा दीक्षित शांतपणे ऐकत होत्या. वल्लरीचा नवरा विश्वेश इंजिनिअर. येवल्याजवळच्या टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या आणि तिथल्या वाऱ्याचे आकडे तपासायचं काम त्याच्याकडे होतं. परवापासून तो बेपत्ता होता. उद्या परदेशी कंपनी करारावर सही करणार होती. नाशिकच्या दीडशे कुटुंबांनी तर आधीच पैसे घातले होते.

“जाताना हा कागद पिठाच्या डब्यात ठेवून गेले.”

एका ओळीभोवती लाल वर्तुळ होतं. १४ जानेवारी, दुपारभर सुसाट वारा.

“संक्रांत!” इंदिराबाईंचे सहायक धोंडीराम उसासले. निवृत्त हवालदार, मूळचे येवल्याचे. “नावच काढू नका, बाई. मांजा गुंडाळलेल्या चार आसाऱ्या घेऊन दुपारी गच्चीवर चढलो, तर गावात एक पतंग वर जाईल तर शपथ! नुसता तीळगूळ खाऊन खाली आलो.”

वल्लरीला रडूच फुटलं. इथं नवऱ्याच्या जिवावर बेतलंय आणि यांना पतंग सुचताहेत!

टेकडीवरचा राखणदार जीवन समोर आला तोच हात जोडत.

“संक्रांतीला मी वारा मोजायच्या मनोऱ्यावर नव्हतो, बाई. येवल्यात घरी होतो. लय मोठी चूक झाली. पण साहेबांना हात नाय लावला.”

“तिथल्या यंत्राची किल्ली कुणाकडे असते?”

“एक माझ्याकडं, एक गौरांगसाहेबांकडं.”

प्रकल्पाचा स्थानिक भागीदार गौरांग अंबडच्या ऑफिसात चहा मागवून हसला.

“आकडे कसले तपासता? परदेशी कंपनी उगाच पैसा ओतते का? आणि संक्रांतीला मी सिंगापूरला होतो.”

“राहता कुठे?”

“कॉलेज रोडला. देवळालीला बंगला आहे, पण तिथं खिडकीची काच टिकत नाही, म्हणून बंदच असतो.”

दुसऱ्या दिवशी करारासाठी सभागृह भरलं. धोंडीराम सकाळीच पोलिसांना घेऊन कुठंतरी गेले होते. वल्लरीच्या घामेजल्या मुठीत फोन होता.

“आकडे खोटे आहेत,” इंदिराबाई उभ्या राहिल्या. “वारा कमी भरत होता, म्हणून काही दिवसांचे आकडे मागाहून फुगवले. राखणदार नसेल तेच दिवस निवडले. किल्ल्या दोनच. पण जीवननं संक्रांत कधीच निवडली नसती. त्या दिवशी अख्खं येवलं गच्चीवर वाराच बघत असतं, आणि तो पडला होता हे पोराटोरांना ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते एकाला, सिंगापूरला होता त्याला.”

गौरांगचं हसू मावळलं.

“विश्वेशनं ते पकडलं. म्हणून त्याला उचललं आणि बायकोला कुणाकडून तरी धमकावलं. फोनमागे धप्प धप्प होतं. देवळालीच्या लष्करी तोफांचा सराव! तुमच्या काचा फोडतो तोच.” मग त्या सभेकडे वळल्या. “तुम्ही परदेशी कंपनीकडे बघून पैसे घातले, कंपनीनं तुमच्याकडे बघून. वाऱ्याकडे कुणी बघितलंच नाही.”

गौरांग पांढराफटक पडला होता. तरी तो वल्लरीकडे बघून हळूच म्हणाला, “उशीर झालाय तुम्हाला.”

तेवढ्यात तिच्या मुठीतला फोन वाजला. बटण दाबताना बोट दोनदा चुकलं.

कुणीच बोलेना. नुसतं लांबून धप्प. पुन्हा धप्प. देवा, एकदा तरी बोलू दे त्यांना!

मग घसा खरवडल्यासारखा आवाज आला.

“वल्ले, पाणी पितोय. थांब, बोलतो.”