खारपाणपट्ट्यातला तटस्थ माणूस

त्याचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

अमरावतीहून दर्यापूरला जाणारी काळीपिवळी. एप्रिलचं ऊन, माणसांवर माणसं, मांडीवर पिशव्या... त्या दिवशी पौर्णिमा होती. आम्हा बौद्धांचा उपोसथाचा उपास धरलेला, म्हणून मी पांढरी साडी नेसले होते आणि मनातल्या मनात शील म्हणत होते. शेजारचा तरुण आधी डुलला, मग सावरला, मग पुन्हा डुलला — आणि शेवटी अगदी निश्चिंत होऊन माझ्या खांद्यावर विसावला.

समोरची बाई पदराआड हसली. “काहून व माय, उठव ना त्याले!”

“थकला असंल,” मी हळूच म्हटलं.

“नवरा हाय का?”

“नाही हो!”

“मंग तं लवकर उठव.”

मी उठवलं नाही. ते काम एका खड्ड्यानं केलं. त्यानं डोळे चोळत आधी खांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“सॉरी... फार वेळ झोपलो का?”

“वलगावला झोपलात. आता खोलापूर गेलं.”

“बापा! आणि तुम्ही तेवढा वेळ—”

“खांदाच आहे. झिजत नाही.”

तो हसला. हसताना त्याच्या एका गालावर खळी पडते, हे मी पाहिलं; आणि पाहिलं म्हणून लगेच खिडकीबाहेर पाहू लागले.

तासाभरात तोच माणूस आमच्या दर्यापूरच्या कार्यालयाच्या दारात उभा! रविकांत सर, आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, उत्साहाने म्हणाले, “प्रियदर्शनी, हे धम्मदीप. अकोल्याच्या संस्थेकडून आले. आपलं मूल्यमापन हेच करणार.”

माझ्या हातातली पाण्याची बाटली तिरकी झाली आणि टेबलावर पाणी सांडलं.

आमच्या कामाबद्दल सांगायला हवं. दर्यापूरकडचा मोठा भाग खारपाणपट्ट्याचा. जमिनीतलं पाणीच खारं. त्यात डाळ शिजत नाही, चहातलं दूध फाटतं. म्हणून एका परदेशी संस्थेच्या निधीतून आम्ही घरोघरी टाक्या बांधून दिल्या होत्या — छपरावरचं पावसाचं पाणी साठवायचं आणि वर्षभर प्यायचं. देखरेख माझ्याकडे. दर महिन्याला मी गावोगाव जायची, टाकीत काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते पाहायची. उन्हाळ्यातही टाक्या चांगल्या भरलेल्या असत. आता शेजारच्या गावांसाठी दुसरा टप्पा व्हायचा होता, आणि तो मिळणं न मिळणं या बाहेरच्या माणसाच्या मतावर होतं. त्या गावांतल्या बायका मला विचारायच्या, “आमच्याकडं कधी येता?” मला तो टप्पा हवा होता. फार हवा होता.

“चहा?” मी विचारलं.

“नको. प्रकल्पाचं काहीच घेता येत नाही मला. चहा नाही, जेवण नाही, गाडी नाही. तटस्थ राहावं लागतं.” मग सरांची पाठ वळताच तो हळूच म्हणाला, “एक सेवा नकळत घेतली गेली. खोलापूरपर्यंत.”

“ती प्रकल्पाची नव्हती,” मी म्हटलं. आणि माझंच तोंड गरम झालं.

पुढचे दिवस तसेच गेले. गावात तो बायकांशी बोलायचा आणि मला लांब कडुनिंबाखाली बसवायचा. “तुमच्यासमोर त्या सगळं छानच सांगतील.” मी तिथून पाहायची. तो बोलायचा थोडं, ऐकायचा जास्त. एखादी म्हातारी रागावली तर मान खाली घालून रागावून घ्यायचा. मधेच त्याची नजर कडुनिंबाकडे यायची... आणि पटकन परत जायची.

एकदा मी डब्यातली पोळी पुढे केली. त्याने आपल्या पिशवीतून शेंगदाणे काढले.

“एवढं कडक?” मी विचारलं.

“तुमच्या हातची पोळी खाल्ली तर अहवाल गोड होईल.”

“पोळी गोड नाही. मेथीची आहे.”

“मग तर फारच धोका,” तो म्हणाला, आणि खळी पुन्हा दिसली.

शेवटच्या गावी कौशल्याबाईंनी आम्हा दोघांनाही घरात बोलावलं. स्टीलच्या तांब्यातून थंडगार पाणी आणलं. धम्मदीपने नेहमीसारखे हात जोडले. पण त्याची बाटली रिकामी झाली होती, आणि ऊन असं की टाळू सुकावी. तो उठला, कोपऱ्यातल्या माठाकडे गेला.

“मावशी, खास काही नको. तुमी पेता तेच घेतो.”

“अवो, नोका घेऊ ते!” कौशल्याबाई धावल्या. पण पेला तोंडाला लागला होता. त्याचा चेहरा वाकडा झाला. काही न बोलता त्याने पेला माझ्या हातात दिला.

खारं. घशाखाली उतरेना, इतकं खारं.

“मावशी, टाकी तं भरली हाय ना?” मी विचारलं.

“हाय ना! एक थेंब नाई सांडू देत.”

“मंग घरात हे काहून?”

“आमाले सवय हाय माय. गोडं पानी पाव्हण्यायचं. औंदा माह्या पोराचं, कुंदनचं लगन जुळवाचं हाय. पोरीवाले येतात तं आंधी पानी पेतात, मंग पोराकडं पाह्यतात. खाऱ्या गावात पोरगी द्याले कोनी तयार नाई.”

“सगळ्यायच्या घरी असंच?”

“मंग! अन् तू पन पाव्हनीच ना? तुले कधी खारं देलं का?”

मी पेला खाली ठेवला. दर महिन्याला मी काठी बुडवली, आणि टाकी भरलेली दिसली की काम चांगलं चाललंय असं समजले. नियोजन करतानाच ठरलं होतं तसं: टाकीत पाणी म्हणजे यश. आणि ते ठरवायला गावात आलेल्या प्रत्येकाला गोडंच पाणी मिळालं होतं! टाक्या भरलेल्या होत्या, कारण पीतच नव्हतं कोणी.

आम्ही पायवाटेने परतत होतो. काळी माती उन्हाने भेगाळली होती.

“हे अहवालात येईल,” तो म्हणाला.

“यायलाच पाहिजे.”

“दुसरा टप्पा कदाचित...”

“माहीत आहे मला.”

“सांगा ना मले, की जरा सौम्य लिहा. सगळेच सांगतात.”

“सकाळी मी खोटं न बोलण्याचं शील घेते, धम्मदीप. दुपारी तुम्हाला खोटं लिहायला सांगू?”

तो थांबला. “झाली पंचाईत,” तो पुटपुटला.

“कसली?”

“सांगतो... पण इथं नाही.”

सांगितलं ते अमरावतीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. पडद्यावर संस्थेच्या परदेशी मॅडम होत्या. त्याने माठाची गोष्ट काहीही न लपवता मांडली. रविकांत सर खुर्चीत खचले. मॅडमनी विचारलं, मग दुसऱ्या टप्प्याबद्दल तुमची शिफारस काय?

“शिफारस मी करू नये,” धम्मदीप म्हणाला. गडबडीत त्याचं इंग्रजी सुटलं आणि मराठीच बाहेर पडली. “तो टप्पा व्हावा असं मला फार वाटतं. पण त्यात पाण्याची काळजी किती, आणि त्या टाक्यांत काठी बुडवणाऱ्या बाईची किती... हे मलाच सांगता येईना. मी आता तटस्थ नाही.”

पडद्यावरच्या मॅडमनी विचारलं, ते काय म्हणाले? रविकांत सर खोकले, माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं — आणि बिचाऱ्यांनी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला! मॅडम आधी गंभीर झाल्या, मग ओठांवर हात ठेवून हसल्या. शिफारस त्याच्या वरिष्ठ, अकोल्याच्या प्रमोदिनी मॅडम करतील असं ठरलं. त्या स्वतः गावांत फिरल्या. निकाल कळायचा होता त्या दुपारी मी कार्यालयाच्या जिन्यावर जाऊन बसले. आत बसवेना.

तो खालून आला. दोन पायऱ्या खाली उभा राहिला. बैठकीनंतर आम्ही बोललोच नव्हतो.

“रागावल्या?”

मी बाजूची पर्स उचलून मांडीवर घेतली. तो आला आणि त्या जागेवर बसला.

माझा फोन वाजला. प्रमोदिनी मॅडमचा कोरडा आवाज: “नवी गावं यंदा नाहीत. आधी आहे त्याच गावांत बायकांसोबत बसून नव्याने आखणी करा. घरच्यांच्या तोंडात गोडं पाणी गेलं, तर पुढच्या वर्षी पुढचा टप्पा. आणि ही आखणी प्रियदर्शनीनेच करायची.”

डोळे भरून आले. त्या बायका अजून वर्षभर वाट पाहणार होत्या. पण पुढच्या खेपेला त्यांच्यापर्यंत जाईल ते खरोखर प्यायचं पाणी असेल. मी रडले, मग हसले. तो रुमाल शोधत बसला, आणि त्याला तो सापडेना.

“म्हणजे वर्षभर तुम्ही त्याच गावांत,” तो म्हणाला. “आणि मला आता तिकडे कामासाठी कोणीच पाठवणार नाही.”

“मग बिनकामाचा ये ना,” मी म्हटलं.

‘या’ म्हणायचं राहूनच गेलं. त्याच्या लाल झालेल्या कानांच्या पाळ्या पाहिल्या, आणि मी ते सुधारलं नाही.