मोटारीने गेल्याची बातमी

जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या दालनात शिंकायला मनाई होती. म्हणजे तसा नियम नव्हता, मीच केला होता. पानं इतकी जीर्ण, की फुंकर लागली तरी भुगा व्हायचा. आणि हा माणूस पहिल्याच दिवशी पानावर वाकून शिंकला... मी मुकाट्याने रुमाल पुढे केला. तो घेऊन वर मलाच विचारतो, नियम लावलाय कुठे?

शब्दकोशाच्या कामासाठी आला होता तो. आमच्या ग्रंथपालबाईंनी लगेच 'कोशवाले' नाव ठेवून टाकलं. इंग्रजीतलं 'मोटर' हे क्रियापद, म्हणजे मोटारीने जाणं, जुन्या बातम्यांत कसं वापरायचे, ते त्याला शोधायचं होतं. वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडांना बाहेरच्यांनी हात लावायचा नाही, म्हणून पानं मी उलटायची. डोकी मात्र दोघांची एकाच पानावर.

बातम्या तरी कसल्या! डॉक्टर रविवारी सहकुटुंब तळ्यावर मोटारीने गेले. वकिलांच्या पत्नी बहिणीकडे मोटारीने गेल्या. संपली बातमी. नुसतं 'गेल्या' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, मी म्हटलं.

"नव्याचं कौतुक हो," तो म्हणाला. "कुठे गेले यापेक्षा कसे गेले, ते वाचायचं असायचं लोकांना." मग पानावरची नजर न काढता, "दालनातल्या बाई आज निळी ओढणी घेऊन आल्या... ही बातमीसुद्धा छापली असती."

"आतल्या पानावर?"

"छे. पहिल्या."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

पुढे मोटारी घरोघरी आल्या, तसं ते क्रियापद विरळ होत गेलं. मग दिसेनाच. राहिलं साधं 'गेले'. तरी कोशवाले पुढचा खंड मागत राहिले, आणि मीही निमूट काढून देत राहिले.

अशात माझी बदली झाली, दुसऱ्या गावच्या शाखेत. आईने घरी बांधाबांधही सुरू केली. तुझ्या कोशवाल्यांचं आता कसं व्हायचं गं, म्हणून ग्रंथपालबाईंनी चिडवून घेतलं. मला हसूही येईना.

शेवटच्या दुपारी त्याने आणखी एक खंड मागितला. मी तो टेबलावर ठेवला, उघडला नाही. उद्यापासून मी इथे नसेन, एवढं सांगितलं. तो खंडाच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिला. हा बोलायचा नाही, आणि मीही तोंड शिवून बसले तर जन्मभर हळहळायची...

"यात ते क्रियापद नाही," मी म्हटलं. "मागच्या कितीतरी खंडांतही नव्हतं."

"माहीत आहे मला."

"मग शोधताय काय?"

त्याने पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "शोधून झालंय. विचारायचा धीर होत नव्हता... मी तिकडे आलो तर चालेल? कायमचा?"

"आईला विचारावं लागेल," मी म्हणाले. "माझं हो आहे."

त्या अनाम बातमीदारांचे उपकार मी विसरत नाही. कुणी तळ्यावर गेलं, कुणी बहिणीकडे; एवढ्याशा सुखाचीही त्यांनी दखल घेतली, म्हणून तर आम्ही दोघं एका पानावर वाकलो.

आत आमची लेक बापाच्या पोटावर निजली आहे. काल ती पहिल्यांदा कुशीवर वळली. त्याने दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या आजींपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.