तिसरा अपराजित संघ

कुवेतमधल्या इस्पितळात, औषधांच्या खिडकीतून आलेल्या चिठ्ठीवर नाव होतं क्षितिज बोरस्ते. मुक्तानं मान वर केली, आणि तिची नजर खिळली ती त्याच्या किरमिजी स्वेटशर्टवर. छातीवर ठसठशीत अक्षरांत ओक्लाहोमा विद्यापीठाचं नाव!

"हा शर्ट घालून माझ्या खिडकीवर यायला धीर लागतो," ती सरळ मराठीत म्हणाली.

शुऐबा बंदरावरच्या कारखान्यातल्या धुळीनं लाल झालेले डोळे त्यानं किलकिले केले. "का हो?"

"तुमच्या संघानं आमची जागा बळकावलीय. मी ऑबर्नची."

मुक्ता कुवेतच्याच रुमैथिया भागात वाढली, पण औषधशास्त्र शिकली ती अमेरिकेत, ऑबर्नला. लंबगोल चेंडूच्या त्या फुटबॉलसाठी स्टेडियममध्ये घसा बसेपर्यंत ओरडली होती ती. या वर्षी, २००४ साली, ओक्लाहोमा, दक्षिण कॅलिफोर्निया आणि ऑबर्न हे तिन्ही तगडे संघ एकही सामना हरले नव्हते. अंतिम सामना मात्र दोघांचाच. पत्रकार-प्रशिक्षकांची मतं आणि कॉम्प्युटर यांच्या क्रमवारीनं ऑबर्नला बाहेर ठेवलं होतं.

"आम्ही पहिल्या आठवड्यापासून वरच्या दोघांत होतो," क्षितिज म्हणाला. "तुम्ही सतराव्या नंबरवर!"

"म्हणजे खेळायच्या आधीच कुणीतरी अंदाजानं नावं लिहिली, ती शेवटपर्यंत खरी? आणि आमच्या पोरांनी जिंकत जिंकत वर यायचं, तरी दार बंद?"

मागे उभे असलेले कुवेती आजोबा जोरात खाकरले. मुक्तानं घाईनं डोळ्यांचे थेंब पुढे सरकवले. "दिवसातून चार वेळा. आणि तो शर्ट... दिवसातून शून्य वेळा."

तो हसला. डोळे चोळता चोळता हसला, आणि का कोण जाणे, मुक्ताला ते हसणं संध्याकाळपर्यंत आठवत राहिलं.

दोन दिवसांनी डोळे बरे करून तो पुन्हा हजर. हातात आकड्यांनी भरलेला कागद! मग जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये वाद, मग सुट्टीच्या दिवशी समुद्रकाठी वाद. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा भुरभुर पावसात गाडीच्या टपाखाली बसून ती तावातावानं बोलत होती, आणि तो खिडकीच्या काचेवर नुसताच तिचं नाव लिहीत होता...

"ऐकतोयस ना?"

"नाही," तो म्हणाला. "बघतोय."

जानेवारीत अंतिम सामना झाला. ओक्लाहोमाचा पंचावन्न-एकोणीस असा धुव्वा उडाला. ऑबर्न मात्र आपला शेवटचा सामनाही जिंकून बसली होती. मुक्ता त्याला चिडवायला फोन उचलणार, तोच तिची आई, शीला, समोर येऊन बसली.

"शशिकांतरावांनी त्यांच्या पुतण्यासाठी, क्षितिजसाठी, दोन मुली निवडल्यात. मी तुझं नाव सुचवलं होतं गं. म्हणाले, मुलगी दोन वर्षांनी मोठी, शिवाय एकदा साखरपुडा मोडलेला."

मुक्तानं फोन केलाच नाही.

दुसऱ्याच दिवशी मराठी मंडळाची समुद्रकाठी सहल होती. क्षितिज भेळेची प्लेट घेऊन तिच्याकडे आला. "मुक्ता, मान्य! अंतिम सामन्यात ऑबर्नच हवी होती."

"यादी तुला माहीत होती?"

त्याचा चेहरा पडला. "काकांची... हो."

"तू काय म्हणालास?"

"गप्प बसलो. वाटलं, आपोआप मिटेल—"

"गप्प बसणं म्हणजेही मत देणंच, क्षितिज."

ती वळली आणि तडक शशिकांतकाकांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. आजूबाजूच्या माना वळल्या.

"काका, मी मुक्ता. वय एकोणतीस. साखरपुडा मोडला, तो मी मोडला. का, ते तुम्ही विचारलं नाहीत. मला भेटलाही नाहीत. भेटून नापसंत करा, मी तक्रार करणार नाही. पण न भेटताच यादीतून काढून टाकायचं, हे मला मान्य नाही."

"मुक्ता!" आईच्या हातातला चहा हिंदकळला.

काका गडबडले. "अगं पण, उद्या त्यानंच नाही म्हटलं तर?"

"तर हरले म्हणेन. पण खेळून हरले म्हणेन."

क्षितिज कधी शेजारी येऊन उभा राहिला, ते तिला कळलं नाही. "काका, त्या दोघींच्या घरी नकार कळवा. हे मी महिन्यापूर्वीच सांगायला हवं होतं. चूक माझी." मग तो तिच्याकडे वळला. "मुक्ता, माझ्याशी लग्न करशील?"

"इथे? सगळ्यांसमोर?"

"गप्प बसलो होतो ना... म्हणून."

वाऱ्यानं तिची ओढणी उडत होती. तिनं ती सावरली नाही. "हो," ती म्हणाली, शेवटच्या चटईवरच्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "पण वाद घालणं सोडणार नाही मी."

"सोडलंस तर मी लग्न मोडीन!"

कुणीतरी खुदकन हसलं. मुक्तानं दोन खुर्च्या ओढल्या, थेट काकांच्या पुढ्यात, आणि क्षितिजचा हात धरून ती बसली. काकांनी खुर्ची जरा पुढे सरकवून विचारलं,

"बरं, साखरपुडा का मोडलास?"

मुक्तानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि सांगायला सुरुवात केली.