दाढेत रिंग असताना

जेवण उरकून ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत, बेसिनवरच्या आरशासमोर, सेफ्टी पिनने दाढ कोरत उभी होती… आणि नेमके तेव्हाच नवे डॉक्टर हात धुवायला आत आले.

"अरे वा! दातात काड्या घालू नका म्हणून पेशंटना दम देणाऱ्या डॉक्टर त्या तुम्हीच ना?"

तिने पिन मुठीत लपवली. "काही अडकलं नाहीये."

"रोज याच वेळी 'काही नाही' अडकतं. पाहतो ना मी."

रोज? पाहतो? ती कानापर्यंत लाल झाली. हे दाढेबद्दल चाललं होतं, की…

दवाखान्याच्या मालकांनी, मोठ्या डॉक्टरांनी, त्याला तीन महिन्यांसाठी आणलं होतं, रजेवर गेलेल्या एका डॉक्टरांच्या जागी. आणि आल्या दिवसापासून दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं. दोन दाढांच्या मधली कीड काढून भरताना ती अख्ख्या दाढेभोवती गोल पट्टी आवळायची. तो मात्र एका बाजूलाच छोटी बाकदार पट्टी लावायचा, खाली पाचर सारायचा आणि वरून रिंग बसवायचा. "गोल पट्टीने भिंत सपाट होते. दाढा एकमेकींना टेकत नाहीत आणि घास अडकतो," तो म्हणायचा. "आमचं कधी अडलं नाही," ती नाक मुरडायची.

आणि आता तिच्याच, गोल पट्टीने भरलेल्या दाढेत रोज घास अडकत होता! झाकली मूठ उघडी पडली होती. "चला, नव्याने भरून देतो," तो म्हणाला आणि ती पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली.

भुलीची सुई टोचताना त्याने तिचा गाल इतक्या अलगद धरला, की दुखलं की नाही हेच तिला आठवेना. जुनं सिमेंट निघालं. पट्टी बसली, पाचर बसली. "आता रिंग. थोडा दाब वाटेल. दोन्ही दाढा जराशा लांब सरकतील, म्हणजे रिंग काढल्यावर घट्ट टेकतील."

मदतीच्या मावशी फोन घ्यायला बाहेर गेल्या. तो हातातलं हत्यार ठेवून तसाच बसून राहिला. आता याला काय झालं?

"मोठे डॉक्टर म्हणतात, कायमचे राहा. आज उत्तर द्यायचंय. तुम्हाला… चालेल? म्हणजे, नुसतं कामापुरतं नाही विचारत. तुम्हाला बोलता येत नाहीये, म्हणून तर विचारायचा धीर झाला."

तिने बोलायचा प्रयत्न केला. "आँ… ऑ…"

"नाही म्हणताय?"

नाही, नाही म्हणत नाहीये! तिने जोरजोरात मान हलवली.

त्याचा चेहरा उतरला. "मान हलवू नका, रिंग सुटेल," तो हळूच म्हणाला. पुढचं सगळं त्याने भराभर उरकलं. मसाला भरणं, तो कडक करणारा निळा लाइट, रिंग काढणं, घासणं. शेवटी दाढांमधून फ्लॉसचा दोरा टक्कन खाली गेला, म्हणजे दाढा घट्ट टेकल्या होत्या. उत्तम काम! तो मात्र तिच्याकडे न बघताच उठला.

चूळ भरताना ती विचार करत राहिली. त्याने नेमकं काय विचारलं? आपण नेमकं काय सांगितलं? आणि सांगायचं तरी काय होतं? पण तो जाणार, एवढं मनात येताच ती तडक त्याच्या खोलीत शिरली. तो फोनवर होता.

"सर, मला नाही जमणार…"

"होन थेवा!" अर्धी जीभ, अर्धा ओठ बधिर. "ई नाई नव्हते ह्णाले!"

"म्हणजे… नाही म्हणालात?"

"नाई! ह्णजे हो! लाहा!"

"लाहा?"

"ला-हा! थांबा!" तिला हसूही येत होतं आणि रडूही. हनुवटीवर चुळीचं पाणी ओघळत होतं, तिला पत्ताच नव्हता. त्याने टिश्यू पुढे केला.

"कोण आहे रे तिकडे?" फोनमधून मोठे डॉक्टर ओरडले.

"सर, मी राहतोय."

"अरे, आत्ता तर नाही म्हणालास!"

"ऐकण्यात चूक झाली माझी." त्याने फोन ठेवला. मग दबक्या आवाजात विचारलं, "का थांबू, ते सांगाल?"

तिने बधिर ओठ बोटांनी चाचपला. खरंच, का? "अदून कलत नाई," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "तोंद ताल्यावर आलं की… सांगते."

"दोन-तीन तास तरी लागतील."

"थांबाल?"

त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर बसला.